दत्तक पालकांचे गट पेढे वाटून झाले की गप्प का होतात?

दत्तक पालकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप गटात जा, मेसेज ठरलेले. आमचा नंबर कितीवर आलाय? होम स्टडीला, म्हणजे घरची पाहणी करायला, मॅडम येणार आहेत, घरात काय काय बघतात? सासूबाई सोबत राहतात, त्यांनाही विचारतील का? मग एके दिवशी कुणाला तरी बाळाचा फोटो येतो, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, थोड्या दिवसांनी पेढ्यांचा बॉक्स आणि धो धो अभिनंदन. त्यानंतर ते जोडपं गटात पुन्हा दिसत नाही.

रांगेतल्यांना मी नावं ठेवत नाहीये. देशभरात तीस हजारांवर पालक नोंदणी करून बसलेत आणि वर्षाला दत्तक जाणारी लेकरं चार-साडेचार हजारांच्या घरात. तीन-तीन वर्षं वाट बघणारा माणूस नंबरशिवाय दुसरं काय बोलणार? पण त्यामुळं आपले गट म्हणजे रेल्वेचं चौकशी केंद्र झालेत. गाडी आली की कुणी तिथं थांबत नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की गटाची खरी गरज लेकरू घरी आल्यावर लागते. आपल्या मराठवाड्यात तर पुण्या-मुंबईपेक्षा जास्तच.

नियम काय सांगतो बघा. बाळ घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर मॅडम घरी येतात, वजन-उंची विचारतात, लेकराशी खेळतात, अहवाल कारा (CARA) या दत्तकविधान बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर चढवतात. दोन वर्षं झाली की भेटी संपल्या. आठ महिन्यांचं बाळ आणलं असेल तर तेव्हा ते पावणेतीन वर्षांचं असतं. 'मी तुझ्याच पोटात होते का' हे विचारायचं त्याचं वयच झालेलं नसतं. ते प्रश्न येतात चार-पाचव्या वर्षी. तिसरी-चौथीत बाई तक्त्यावर कुटुंबाचं झाड काढून आणायला सांगतात. तेरा-चौदाव्या वर्षी दार आपटून 'तू कुठं माझी खरी आई आहेस' हे ऐकावं लागतं. अठरा पूर्ण झाली की स्वतःचं मूळ शोधायला लेकराला स्वतःच अर्ज करता येतो. या सगळ्या टप्प्यांवर ना संस्था दारात असते, ना सरकार. असलाच तर दुसरा एखादा दत्तक पालक असतो, ज्याच्या घरात हे दोन वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

(माझ्या लेकीचं मी इथं काही लिहिणार नाही. ती आता वाचते, आणि तिची गोष्ट सांगायची की नाही हे ती ठरवेल.)

आता मराठवाड्याचं वेगळं काय? पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याला तुमच्या घरात किती माणसं राहतात हेही ठाऊक नसतं. इथं उदगीर, जिंतूर, माजलगावला बाईला दिवस गेलेले दिसले नाहीत आणि घरात पाळणा आला, की दुपारपर्यंत गल्लीला कळतं. संध्याकाळी भावकीला. म्हणजे गुपित राखलं जातं ते फक्त एकट्या लेकरापासून. गिरणीवाल्याला माहीत, किराणा दुकानदाराला माहीत, शाळेतल्या शिपायाला माहीत, आणि ज्याचा विषय तेच कोरं. आईबाप मात्र म्हणतात, 'मोठं झाल्यावर सांगू.' एका घरात हे 'मोठं होणं' बांधावरच्या भांडणात झालं. चुलत्यानं अकरा वर्षांच्या पोरासमोर ओरडून सांगितलं, 'हे कुठनं उचलून आणलंय ते आधी सांगा, मग वाटणी मागा.' ते कुटुंब आता गाव सोडून संभाजीनगरला राहतं. शेत बटईनं दिलंय.

कायद्यानं चुलत्याच्या बोलण्याला शून्य अर्थ आहे. दत्तक आदेश झाला की लेकरू सगळ्या अर्थांनी त्या आईबापाचं. जन्मदाखल्यावर त्यांचीच नावं. १ सप्टेंबर २०२२ पासून तर हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे ज्या कार्यालयाला आमचं अख्खं गाव घाबरतं त्याच कार्यालयाचा कागद! पण कागद कपाटात असतो आणि चुलता बांधावर. बांधावर काय बोलायचं, हे सांगणारा माणूस लागतो. आणि हल्ली घरोघरी कुणबी नोंदींसाठी वंशावळी निघायला लागल्यात, जुनी मोडी कागदपत्रं धुंडाळली जातायत. त्यात एका आईनं विचारलं, 'ताई, वंशावळीच्या तक्त्यात माझ्या लेकाचं नाव घालायला दीर नको म्हणतायत, काय करू?' पुण्याच्या गटात हा प्रश्न टाकला असता तर निम्म्यांना तो कळलाही नसता. पुण्यातल्या गटांनी आम्हाला खूप शिकवलं, ते मान्यच. पण रविवारी सकाळी दहाची बैठक म्हणजे आमच्यासाठी शनिवारी रात्रीची ट्रॅव्हल्स, कडेवर उलटी करणारं लेकरू आणि सोमवारची रजा.

म्हणून म्हणते, गट इथंच हवा. आणि त्यात फक्त आईबाप नकोत, आजी-आजोबा हवेत. शिबिरात समुपदेशक येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, चांगलं बोलतात. पण आमच्या घरांत लेकरू दिवसभर असतं ते आजीजवळ. जावळ कधी काढायचं, तुळजापूरला गोंधळ घालायचा का, कुलाचाराला त्याला पुढं बसवायचं का, हे सगळं ठरवते ती. तिनं एकदा पदर खोचला की भावकीची बोलती बंद होते. एका बैठकीत अशीच एक आजी नातवाला घेऊन आली होती. कुणीतरी दबकत विचारलं, लोक कुणाचं म्हणून विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता? त्या म्हणाल्या, 'माझ्या उंबऱ्याच्या आत आलं ते माझं. कुणाचं म्हणून इचारायला ते काय बाजारात चुकलेलं वासरू हाय का?' समुपदेशक मॅडमनी तेवढं वहीत लिहून घेतलं.

पुरुषांचं तर विचारूच नका. बैठक आत चालू असते आणि बाप मंडळी बाहेर टपरीवर. मी आधी चिडायचे. नंतर कळलं, खरं बोलणं तिथंच होतं. 'पहिले सहा महिने मला काहीच वाटलं नाही हो, लोकाचं लेकरू सांभाळतोय असंच वाटायचं,' हे वाक्य एका बापानं कटिंग चहावर दुसऱ्या बापाला सांगितलं. हे तो आत, बायकोसमोर, कधीच बोलला नसता. त्यामुळं गट बांधायचा तर टपरी जवळची बघून जागा ठरवा, असं मी अगदी गंभीरपणे सांगते.

मोठी लेकरं घेणाऱ्यांकडे तर आपण लक्षच देत नाही. सगळ्यांना दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असतं, म्हणून सहा-सात वर्षांचं लेकरू आणणाऱ्याला सगळे 'केवढं मोठं मन' म्हणतात आणि पुढं सरकतात. पुढं काय होतं? ते लेकरू सुरुवातीला पाहुण्यासारखं शहाणं वागतं. मग उशीखाली भाकरी लपवायला लागतं. खोटं बोलतं. रात्री उठून दार लावलंय का ते बघतं. तुम्ही आपल्याला परत पाठवता का, याचीच ते परीक्षा घेत असतं. हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की आईबाप खचतात, 'पोराला वळण नाही' म्हणतात आणि गोष्ट खरंच परत पाठवण्यापर्यंत जाते. त्या आईला रात्री अकरा वाजता फोन करायला एक माणूस हवा. हेल्पलाइन नको, माणूस.

अजून एक गोष्ट मला खटकते. कौतुक करताना लोक म्हणतात, 'फार पुण्याचं काम केलंत.' एकदा तर एका भाषणात गंगाखेडच्या जनाबाईचं उदाहरण देऊन झालं, की बघा, परक्या घरी वाढली आणि संत झाली! अहो, दामाशेटींच्या घरात तिच्या वाट्याला दळण आलं, शेण-गोवऱ्या आल्या, आणि ती स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. आसरा देणं वेगळं आणि पोटचं मानणं वेगळं. माझ्या लेकीनं आयुष्यभर उपकाराखाली वाकून राहावं असं मला मुळीच वाटत नाही. तिनं दार आपटावं. हक्कानं आपटावं. गटात हे पाप-पुण्यातलं कौतुक पहिल्यांदा बंद करायला हवं, कारण ते ऐकणारी लेकरं त्याच खोलीत खेळत असतात.

आणि मोठी झालेली दत्तक लेकरं कुठंत? जी आज पंचवीस-तीस वर्षांची आहेत, त्यांना आपण बोलावतो ते यशोगाथा सांगायला. नोकरी लागली, आईबाबांचे आभार, टाळ्या. मला त्यांच्याकडून ऐकायचंय की आमच्या वागण्यातलं काय खुपलं, सांगितलं तेव्हा काय वाटलं, आणि जन्म देणारीचा विचार मनात येतो तेव्हा ते आमच्यापासून का लपवतात. ऐकायला जड जाईल. जाऊ द्या.

काही गोष्टी मात्र गटात मुळीच चालवून घेऊ नयेत. 'दोन दिवसांची मुलगी आहे, आईबाप अपघातात गेले, इच्छुकांनी संपर्क करा' असले मेसेज कोरोनात किती फिरले, आठवतं ना? ते पुढं पाठवायचे नाहीत, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवायचं. बाँडवर लिहून परस्पर बाळ देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पैसे घेऊन विकलं-घेतलं तर पाच वर्षं. नात्यातलं मूल घ्यायचं असलं तरी रीतसर मार्ग आहे, तो धरा. दुसरं, हे गट फक्त हिंदू घरांचे होऊन बसलेत. इथल्या कितीतरी मुस्लिम जोडप्यांना अजून वाटतं की आपल्याला कायद्यानं दत्तक घेताच येत नाही. शबनम हाश्मी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलंय की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. घ्यायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न, पण दार बंद आहे हा गैरसमज तरी नको.

तर लातूर, परभणी, नांदेड, हिंगोली, बीड, धाराशिवकडच्या दत्तक पालकांनो, दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी लातूरला बसू या. भाषण नाही, सत्कार नाही, बॅनर नाही. लेकरू घरी येऊन दोन वर्षं होऊन गेलेल्यांनी तर नक्कीच या, तुमचीच जास्त गरज आहे. आजी-आजोबांना आणा. डबा आपापला. लेकरांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला तर नाहीच. रांगेत असलेल्यांनीही यावं, पण नंबरचा विषय जेवणाच्या सुट्टीत. यायचं असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा, खाली कमेंटमध्ये लेकरांची नावं-गावं लिहू नका.