कर जास्त म्हणून कारभार चोख?

अमेरिकेतल्या राज्यांबद्दल एक विधान सर्रास फिरतं: मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा अशी भरपूर कर घेणारी राज्यं आरोग्यात नि शिक्षणात वर, कर कमी ठेवणारी मिसिसिपीसारखी राज्यं तळाला. तेव्हा चांगलं सरकार हवं तर खिसा सैल करा. ऐकायला पटतं, पण एकेक मुद्दा सुटा करून पाहिला की गडबड दिसते.

‘जास्त कराची राज्यं वर असतात.’ काही असतात. मिनेसोटात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९.८५ टक्के आहे आणि राज्य खरंच नीट चालतं. मग न्यू हॅम्पशायरचं काय करायचं? तिथे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, सर्वसाधारण विक्रीकरही नाही. कनिष्ठ सभागृहात ४०० आमदार, मानधन वर्षाला १०० डॉलर! मालमत्ता कर मात्र जबर, तो झाकून ठेवायचं कारण नाही. तरीही गरिबी सर्वांत कमी असलेल्या राज्यांत त्याचं नाव कायम असतं. उलट कॅलिफोर्नियात सर्वोच्च दर १३.३ टक्के, आणि घरखर्च हिशेबात धरणाऱ्या जनगणना खात्याच्या पूरक गरिबी मोजणीत हेच राज्य वर्षानुवर्षं सर्वांत वाईट राज्यांत.

‘मिसिसिपीची हलाखी कमी करांमुळे.’ हा दावा करणाऱ्यांनी तिथल्या दुकानाची पावती पाहिलेली नसावी. राज्याचा विक्रीकर ७ टक्के, म्हणजे देशातल्या चढ्या दरांपैकी एक, आणि २०२५च्या मध्यापर्यंत तो किराण्यावरही पूर्ण लागत होता. वर प्राप्तिकर आहेच. गुलामांच्या श्रमावरची कापसाची शेती आणि नंतरचा वंशभेद यांतून आलेली गरिबी कुठल्याही करदरापेक्षा जुनी आहे. श्रीमंत राज्याला मोठा कर परवडतो, गरीब राज्याला दर चढवूनही हाती थोडंच लागतं. इथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे.

याच मिसिसिपीने २०१३ साली कायदा केला. शिक्षकांना अक्षर-उच्चारांवर आधारलेलं वाचन शिकवायचं प्रशिक्षण द्यायचं, मागे पडलेल्या शाळांत मार्गदर्शक पाठवायचे आणि तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात ढकलायचं नाही. तेव्हा चौथीच्या वाचनात राज्य जवळजवळ शेवटचं होतं. २०२४च्या राष्ट्रीय चाचणीत ते देशाच्या सरासरीच्या वर आलं. प्रति विद्यार्थी खर्चात सर्व राज्यांत पहिलं असलेलं न्यूयॉर्क त्या चाचणीत त्याच्या मागे होतं. कच्ची मुलं तिसरीत अडकवल्यामुळे चौथीचे गुण फुगतात, असा आक्षेप आहे. त्यात थोडं तथ्य असेलही, पण एवढी मोठी झेप त्याने उलगडत नाही.

‘पैसा आला की कारभार सुधारतो.’ इलिनॉय पाहा. करांचा एकूण बोजा देशातल्या जड बोजांपैकी एक. कर्नर, वॉकर, रायन आणि ब्लागोयेविच हे चार माजी गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, तुरुंगात जाऊन आले. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं राज्याला पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता; मग प्राप्तिकर ३.७५वरून ४.९५ टक्के झाला. तो पैसा जातो कुठे? सरकारांनी दशकानुदशकं कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीत पुरेसे हप्ते भरले नाहीत. १९७०च्या राज्यघटनेनुसार पेन्शन कमी करता येत नाही, आणि २०१३ साली केलेली कपात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केली. त्यामुळे आजच्या करातला मोठा वाटा जुनी थकबाकी फेडण्यात जातो. त्यातून नवा पूल किंवा नवी शाळा उभी राहत नाही.

‘कर कापले की कॅन्सस होतं.’ हे मान्य. त्या राज्याचे गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी २०१२ साली कर कापले, तिजोरीला भगदाड पडलं, आणि २०१७ साली त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ती कपात फिरवली. यावरून बेफिकीर कपात महागात पडते एवढंच ठरतं. चढे दर चांगलं सरकार देतात हे नव्हे.

शेवटचा टोला ठरलेला असतो: ‘कमी कराची राज्यं केंद्राच्या पैशावर जगतात.’ मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या बहुतांश खर्चात केंद्र मिसिसिपीला साधारण तीन चतुर्थांश देतं, श्रीमंत राज्यांना निम्मा, हे खरं. पण त्या सूत्रात राज्याचं दरडोई उत्पन्न धरतात, कराचा दर नाही. मिसिसिपीने उद्या कर दुप्पट केले तरी केंद्राच्या वाट्याचं ते सूत्र बदलणार नाही.