नाव तुमचं, डॉट कॉम माझं

मी एकूण चार डोमेनांचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांचा, मालक होतो. 'मालक' हा शब्द त्या काळात मी फार वापरला. वर्षाच्या वर्षाला पैसे भरून जी वस्तू टिकवावी लागते तिचा माणूस मालक नसतो, भाडेकरू असतो, हे पुढे एका वकील मित्रानं सांगितलं. मी तर त्या भाड्याच्या घरावर पाटीही दुसऱ्याच्या नावाची ठोकली होती.

पाटी एका नामांकित प्रिंटर कंपनीची. नाव लिहीत नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

सुरुवात परोपकारातून झाली. त्या कंपनीचा प्रिंटर माझ्याकडे आहे आणि कागद अडकवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. लाल दिवा तीनदा लुकलुकला की मागचं झाकण उघडायचं, पाचदा लुकलुकला की हात जोडायचे. हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवणं बरं नव्हे, म्हणून रात्री दीड वाजता मी कंपनीच्या नावाला 'हेल्प' जोडून डोमेन शोधलं. हिरव्या अक्षरात उत्तर आलं, 'उपलब्ध'. मला वाटलं, जगातल्या एकाही शहाण्याला हे सुचलेलं दिसत नाही. शहाण्यांना सुचलं असणार. म्हणूनच त्यांनी ते घेतलं नव्हतं.

त्याच झपाट्यात 'रिपेअर'वालं घेतलं, 'टोनर'वालं घेतलं, आणि कंपनीच्या नावातलं एक अक्षर चुकवून चौथंही घेतलं. कुणा भामट्याच्या हाती पडू नये म्हणून. खरंच, हाच हेतू होता. शेवटी 'मला अटी मान्य आहेत' असा चौकोन आला, त्यावर टिचकी मारली. त्या अटींत मी लिहून देत होतो की माझ्या माहितीप्रमाणे या नावानं कुणाच्याही हक्काला धक्का लागत नाही, आणि कुणाची तक्रार आलीच तर लवादाची प्रक्रिया मला बंधनकारक राहील. इतक्या कमी वेळात इतकं मोठं विधान मी आयुष्यात केलं नव्हतं.

कंपनीच्या वकिलांचं पत्र स्पॅममध्ये सापडलं, कोट्यवधी डॉलरचा वारसा देऊ करणाऱ्या एका विधवेच्या पत्राशेजारी. विधवेचं पत्र जास्त गोड होतं. दुर्दैव असं की उत्तर मी वकिलांना दिलं. एवढी मोठी कंपनी आपल्या दारी आली म्हणजे आपलं पारडं जड, असं समजून कळवलं, 'चारही डोमेनं मिळून पाच हजार डॉलरला देता येतील. सप्रेम नमस्कार.'

मित्रानं ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण ऐकलीयस?"

"हो."

"त्यातला नागोबा तू. आणि नागोबानं बिळाची किंमत लेखी कळवलीय."

मग त्यानं समजावलं. डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं १९९९ साली डोमेनांच्या भांडणांसाठी यूडीआरपी नावाचं धोरण आणलं. त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं घेतलंय व वापरलंय. "हेतू सिद्ध करताना वकिलांना घाम फुटतो," तो म्हणाला. "तू तो सप्रेम नमस्कारासकट त्यांच्या हातात दिलास."

"पण कंपनीशी संबंध नाही, असं मी साइटच्या तळाला लिहिलंय."

"तळाला. आणि वर पत्त्यात काय लिहिलंयस?"

"ते चुकीच्या अक्षराचं तर नुसतं पडून आहे."

पडून असलेलंही चालत नाही, असं निघालं. टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्रकरणात २००० सालीच ठरलं होतं की डोमेन घेऊन काहीही न करणं हासुद्धा वाईट वापर ठरू शकतो. शिवाय माझं नुसतं पडलेलंही नव्हतं. उघडून पाहिलं तर डोमेन विकणाऱ्यांनी त्यावर परस्पर जाहिराती लावलेल्या, त्याही प्रतिस्पर्ध्यांच्या कार्ट्रिजच्या!

"हे मी लावलेलं नाही," मी ओरडलो.

"मालक म्हणवतोस ना?"

त्या रात्री मी समदुःखी शोधत बसलो. पॅनाव्हिजन या सिनेकॅमेऱ्यांच्या कंपनीचं नाव एका अमेरिकन गृहस्थानं आधीच घेऊन ठेवलं होतं. सोडायला १३,००० डॉलर मागितले. आणि साइटवर काय, तर इलिनॉयमधल्या पॅना नावाच्या गावाचे फोटो. पॅनाचं व्हिजन! १९९८ साली अपील कोर्टाला हे दर्शन पटलं नाही. मला मात्र त्या माणसाबद्दल आजही आदर आहे.

धीर दिला तो निसान डॉट कॉमवाल्यानं. त्यानं १९९४ साली ते घेतलं, मोटार कंपनीनं १९९९ मध्ये एक कोटी डॉलरचा दावा लावला, वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आणि डोमेन त्याच्याकडेच राहिलं. कारण त्याचं आडनावच निसान. मी बायकोकडे पाहिलं.

"लग्नात एकदा बदललंय," ती म्हणाली. "आता प्रिंटरसाठी बदलणार नाही."

मित्राच्या मते 'रिपेअर'वालं कदाचित वाचलंही असतं. खरोखर त्याच कंपनीची यंत्रं दुरुस्त करणारा, आपण कोण ते ठळक सांगणारा आणि दुसऱ्यांचा माल न विकणारा माणूस कधी कधी अशा नावावर टिकतो. २००१ च्या ओकी डेटा प्रकरणापासून ही वाट आहे. पण माझ्या दुरुस्तीच्या पानावर तिसऱ्याच कंपनीच्या स्वस्त शाईची शिफारस होती.

जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, अशा तक्रारीची फी, एका पंचासाठी, १,५०० डॉलर. माझ्यावर इतका खर्च करायला आजवर कुणी तयार झालं नव्हतं. पाच डोमेनांपर्यंत दर तोच, म्हणजे माझं एक फुकट गेलंच. तिथे हरलो तर फक्त डोमेनं जातात, दंड नाही, हे ऐकून मी ताठ बसलो. मग मित्रानं अमेरिकेतला कायदा सांगितला: कोर्टात गेलं तर एकेका डोमेनामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई. चारनं गुणून झाल्यावर मी पुन्हा वाकलो.

त्याच संध्याकाळी साइट उतरवली आणि शरणचिठ्ठी धाडली. कंपनीनं तीन पानी करार पाठवला. छापून, सही करून, स्कॅन करून परत पाठवा.

दुसऱ्या पानाला कागद अडकला. लाल दिवा चारदा लुकलुकला. चारदाचा उपाय मी साइटवर सविस्तर लिहिला होता, चित्रासकट. सवयीनं पत्ता टाइप केला. काहीच उघडेना.

शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगा आला, फार नम्र.

"सर, चारदा ना? याची एक चांगली साइट होती, आम्हीही तिच्यावरच बघायचो. कालपासून बंद आहे."