हुशार माणसं प्रेमात नापास नसतात

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार वेळा आला. शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि चौथ्यांदा भाचीकडून. तिने खाली एक ओळ लिहिली होती, "मावशी, हे खरं आहे का गं?" पहिल्या तिन्ही वेळा मी तो न वाचताच सोडला होता. चौथ्यांदा वाचला आणि रात्री झोप लागेना. भाची पंचवीस वर्षांची आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकली, बुटीबोरीला नोकरीला जाते, आणि सध्या तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू आहे. हा मेसेज तिने नुसता वाचला नव्हता, मनाला लावून घेतला होता.

मेसेजचं म्हणणं असं की हुशार, पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलं नवरा म्हणून ठीक, पण प्रेमात नापास. त्याला पाच कारणं जोडली आहेत. एक, अशी माणसं डोक्याने चालतात, त्यांना भावना नसतात. दोन, मुलींना बिनधास्त, दणकट मुलगेच आवडतात हे विज्ञानाने सिद्ध झालंय. तीन, हुशार मुलांना प्रेमाचं बोलता येत नाही, ती फक्त माहिती सांगतात. चार, हुशार मुलीपासून मुलगे लांब पळतात, म्हणून मुलीने पहिल्या भेटीत कमी बोलावं. पाच, न्यूटनचं लग्न झालं नाही आणि आइनस्टाइनचं मोडलं.

पहिल्या मुद्द्यामागे एक समजूत आहे, डोकं आणि मन हे एकाच टाकीचे दोन नळ असल्याची. एक उघडा सोडला की दुसऱ्याला पाणी कमी. ही समजूत कुठून आली मला माहीत नाही, पण नागपुरात राहणाऱ्या माणसाने ती बाळगू नये. दीक्षाभूमी आपल्या गावात आहे. बाबासाहेबांएवढा वाचणारा, लिहिणारा, पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस आपल्याकडे दुसरा दाखवा. रमाबाई १९३५ च्या मे महिन्यात गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आकडेवारी, इतिहास आणि युक्तिवादाने भरलेला हा ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. रमाबाई असंही लिहिलं नाही, घरात हाक मारायचे तेच नाव लिहिलं. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचं निर्मळ चारित्र्य, आणि कुणी मित्र नव्हता, हातात पैसा नव्हता त्या दिवसांत तिने शांतपणे सोसलेलं दुःख, हे सगळं त्या चार ओळींत आहे. लग्नाच्या वाढदिवसाला स्टेटसवर बदाम ठेवणाऱ्या किती जणांना आपल्या बायकोने नेमकं काय सोसलं ते असं मोजून सांगता येईल? तेच डोकं तिथेही चालत होतं. त्याने पाहिलं, लक्षात ठेवलं आणि नीट शब्दांत मांडलं.

दुसरा मुद्दा विज्ञानाचा. मेसेजमध्ये एकाही अभ्यासाचं नाव नाही, म्हणून मी देते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी ३७ संस्कृतींमधल्या १०,००० हून जास्त लोकांना विचारलं की जोडीदारात तुम्हाला काय हवं. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात भारतही होता. बायकांनी काय मागितलं आणि पुरुषांनी काय मागितलं यातल्या फरकांची चर्चा पुढे खूप झाली. पण दोघांनीही जे वर ठेवलं त्याची चर्चा कुणी करत नाही. दयाळू, समजून घेणारा स्वभाव आणि बुद्धी या दोन गोष्टींना दोघांनीही कमाईच्या आणि रूपाच्या वर जागा दिली.

एक बारीक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने जाते आणि ती लपवायची नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली ३८३ तरुणांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराची बुद्धी वाढत जाते तशी ओढही वाढते, ती शंभरातल्या नव्वदांपेक्षा हुशार असलेल्या माणसापर्यंत. त्याच्याही पुढे, शंभरात एखादाच असतो अशा माणसाबद्दलची ओढ थोडी उतरते. उतरते म्हणजे आटत नाही. आणि अशा अचाट माणसाशी आपली गाठ पडते तरी कितीदा? आपल्या नात्यागोत्यातली, कॉलेजातली, शेजारची हुशार मुलं त्या नव्वदाच्या अलीकडे-पलीकडेच असतात, म्हणजे ओढ जिथे सगळ्यात जास्त तिथेच.

आता तिसरा मुद्दा, बोलता येत नाही हा. यावर मला माझ्याच घरातलं सांगायचं आहे.

२००७ चा मे महिना. पाहण्याचा कार्यक्रम होऊन गेला होता, होकार-नकार बाकी होता. दुसऱ्यांदा भेटायचं ठरलं. बाकीच्या मुली फुटाळ्याला जायच्या, अंबाझरीला जायच्या. मला निरोप आला, २६ तारखेला दुपारी बाराच्या आधी आमच्या गच्चीवर या. आमची आत्या संतापली. "काहून बाप्पा, नवतपात पोरीले गच्चीवर काहून बोलावून राहिले?" नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, पारा ४५ च्या घरात होता. तरी मी दुपट्टा गुंडाळून, लहान भावाला सोबत घेऊन गेले. त्यांच्या आईने दारातच पन्ह्याचा पेला हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी हे पी बाई, मग जा वर."

गच्चीवर सिमेंटच्या जमिनीवर एक स्टीलचा पेला उपडा ठेवला होता. त्याच्याभोवती खडूच्या खुणा, प्रत्येक खुणेशी वेळ लिहिलेली. त्याने, म्हणजे आता माझा नवरा आहे त्याने, एवढंच सांगितलं की पेल्याची सावली पाहत राहा. ती पाच मिनिटांत बोटभर उरली, मग नखाएवढी, आणि १२ वाजून १० मिनिटांनी गेली. भर उन्हात पेला उभा आणि त्याला सावली नाही. मग तो बोलायला लागला. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, सूर्य उत्तरेकडे सरकताना मेच्या शेवटी आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, परतताना जुलैत पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आणि बाराला नाही, बारा दहाला का? तर घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे, आपण त्याच्या पश्चिमेला साडेतीन अंश, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, त्यातून आणखी एक छोटी दुरुस्ती वजा.

मेसेजवाला म्हणेल, बघा, माहितीच सांगितली. हो, माहितीच सांगितली. पण मी जिथे उभी राहणार होते तिथे त्याने आधीच ओलं पोतं अंथरून ठेवलं होतं. सिमेंट पायाला चटके देईल हे त्याने तीन दिवस त्या गच्चीवर खुणा करताना पाहिलं होतं. पोत्यावर अर्ध्या तासापूर्वी पाणी मारलं होतं, म्हणजे मी येईपर्यंत ते गार राहील पण चपला भिजणार नाहीत. पोत्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मला त्या दुपारी कळलं की ज्याला पेल्याच्या सावलीकडे इतकं लक्ष देता येतं, त्याचं माझ्या तळपायांकडेही लक्ष जातं. घरी येऊन आत्याला सांगितलं, माझा होकार आहे.

आणि माहितीत प्रेम नसतं हे आपल्या भाषेच्या मुलखात तरी कुणी म्हणू नये. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ रचली, तिच्यातलं एक गणित ऐका. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीच्या फुलांकडे गेलं, सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही गेले. एक भुंगा वासाच्या लोभाने रात्री कमळात अडकला. तो आतून गुणगुणतो आहे आणि बाहेर त्याची भुंगी त्याला साद देते आहे. सांग कान्ते, थवा केवढा? ७२ चे निम्मे ३६, त्याचं मूळ ६. आठ-नवमांश म्हणजे ६४. आणि ती दोघं. झाले ७२. उत्तर नीट येतं, पण आधी मिटलेल्या कमळाबाहेर घिरट्या घालणारी ती भुंगी डोळ्यांपुढे राहते. साडेआठशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञाला वर्गसमीकरण शिकवताना ‘कान्ते’ म्हणावंसं वाटलं. त्याला प्रेमाचं बोलता येत नव्हतं असं कोण म्हणेल?

चौथा मुद्दा सगळ्यात वाईट आहे. हा लेख मी खरं तर त्याच्यासाठीच लिहायला घेतला. हुशार मुलीने पहिल्या भेटीत कमी बोलावं.

यातही थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करते. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या चार-चार मिनिटांच्या भेटी घडवून एक अभ्यास झाला, तो २००६ साली छापून आला. मुलींनी मुलाच्या बुद्धीला मुलांपेक्षा जास्त वजन दिलं. मुलांनाही मुलीची बुद्धी आवडली, पण ती आपल्यापेक्षा जास्त आहे असं वाटलं की त्यांची आवड तिथे थांबली. हे खरं आहे, आणि हुशार पुरुषही त्याला अपवाद नाहीत. ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आपल्या गांधीसागराजवळ आहे, जिथे आपण सगळे मुलांना घेऊन जातो, त्या सी. व्ही. रमणांनीच १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत कमला भागवत यांना प्रवेश नाकारला होता. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, पण मुलगी म्हणून नको. तिने हट्ट धरला, वर्षभर अटींवर काम केलं, आणि मग रमणांना मत बदलावं लागलं. पुढे त्या कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

तेव्हा मुलगे बिचकतात हे खरं. पण त्यावरचा उपाय म्हणून मुलीला गप्प बसायला सांगायचं? गप्प बसून कोण मिळेल याचा विचार करा. तिच्या बोलण्याला बिचकणाराच नेमका तिच्या वाट्याला येईल, कारण न बिचकणाऱ्याला तर ती बोलते कशी हे कळलंच नाही. आणि पहिल्या भेटीत लपवलेलं डोकं पुढे कुठे ठेवायचं? चाळीस वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यात? आमच्या आधीच्या पिढीच्या कितीतरी बायका असं जगल्या. मी त्यांच्याशी बोलते. त्यांना गणित यायचं, त्यांना शिलाई मशीनची मोटर उघडून दुरुस्त करता यायचं, आणि ते घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. नवऱ्याचं प्रेम होतं हो, पण ते निम्म्याच बाईवर होतं.

दुसऱ्या बाजूला पिएर क्युरी पाहा. १८९४ साली मारी, म्हणजे पुढची मादाम क्युरी, पोलंडला परत जायचं म्हणत होती, तेव्हा त्याने तिला पत्र लिहिलं. तुझं देशाचं स्वप्न, आपलं माणुसकीचं स्वप्न आणि आपलं विज्ञानाचं स्वप्न, या स्वप्नांच्या धुंदीत आयुष्य एकमेकांजवळ काढता आलं तर किती सुंदर होईल, असा त्याचा आशय. तिची बुद्धी त्याने मागणीतच घातली होती. पुढच्या जुलैत लग्न झालं, आहेराच्या पैशांतून दोन सायकली आल्या आणि त्यांवरूनच दोघं मधुचंद्राला निघाली. १९०३ च्या नोबेलसाठी आधी त्याचंच नाव पुढे होतं, तिचं नव्हतं. त्याने लिहून कळवलं की माझा विचार होणार असेल तर किरणोत्सर्गी पदार्थांवरच्या आमच्या कामासाठी तिचाही व्हायला हवा. आपल्या पोरींनी शोधायचं असेल तर असं माणूस शोधावं.

पाचव्या मुद्द्याला फार वेळ नको. न्यूटनने लग्न केलं नाही, खरं आहे. आइनस्टाइनचा १९१९ मध्ये घटस्फोट झाला, हेही खरं, आणि त्या पहिल्या बायकोशी, मिलेव्हाशी, तो वाईट वागला. पण त्याच्या वागण्याचा दोष सापेक्षतावादावर कसा टाकता येईल? घटस्फोट घेणाऱ्या, लग्न न करणाऱ्या साध्यासुध्या माणसांची यादी करायला बसलं तर वही पुरणार नाही. बुद्धी असली म्हणजे माणूस प्रेमळ असतोच असं माझं म्हणणं नाही. स्वतःच्या हुशारीवरून दुसऱ्याला कमी लेखणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याजवळ बसवत नाही. ओढ वाटते ती मार्कांमुळे नाही, रमण्यामुळे. जुन्या रेडिओत, भाषेच्या व्युत्पत्तीत, पक्ष्यांच्या आवाजात कुणी असा बुडालेला असतो की आपण त्याच्या शेजारी नुसतं बसलो तरी जग थोडं मोठं होतं. आणि मग तोच माणूस वळून आपल्याला विचारतो, "तुला काय वाटतं?" त्या प्रश्नाने जे होतं ते मी अनुभवलं आहे.

हे सगळं मी भाचीला तुकड्यातुकड्याने सांगितलं. गेल्या रविवारी अमरावतीहून मंडळी आली होती. ताईने पोहे केले, मुलीला आतून दोनदा खुणावलं की हळू बोल. भाची मुलाशी पाऊण तास बॅटरी गरम का होते यावर बोलत होती, हाताने आकृत्या काढत. मुलगा काय विचार करत होता ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. त्याने मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते.

त्यांच्याकडून अजून निरोप नाही. ताई फोनकडे डोळे लावून बसली आहे. भाचीने मात्र आज सकाळी मला विचारलं, "मावशी, यंदा २६ तारखेला तुमची गच्ची मोकळी आहे ना?"