पाचोळा कुणाचा?

काल सकाळी समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी मला फुटपाथवर पाचोळा चोरताना पकडलं. चोरताना म्हणजे त्यांच्या मते. मी आपला पोत्यात भरत होतो.

गॅलरीत चार भाज्या लावायच्या आणि खिशाला हात लावायचा नाही, एवढाच माझा बेत. कुंड्या म्हणून डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या, बुडाला तापल्या सळईने भोकं. बियाणं म्हणजे डब्यातले धने-मेथ्या आणि एक लिबलिबीत टोमॅटो. खतासाठी ओला कचरा घरचाच. पण नुसता ओला कचरा साठवला की असा वास सुटतो की घरचे बादलीच्या आधी मला बाहेर काढतील. त्यावर सुका पाला हवा, तोही ओल्याच्या दुपटीने.

'टाकाऊतून बाग' शिकवणारे लोक एक गोष्ट सांगत नाहीत. शहरात टाकाऊ असं काही उरलेलं नाही. रसवंतीवाल्याकडे चिपाडं मागितली, तर ती गोठेवाल्याची ठरलेली. टपरीवर चहाचा चोथा मागितला, तर तो म्हणाला, "एक मॅडम नेतात, गुलाबांना." वर सल्ला, की दुधासाखरेचा आहे, धुऊन घाला, नाहीतर मुंग्या होतील. द्यायचा नाही तर धुवायला कशाला शिकवतोस बाबा?

मग जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या कृतीत एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, शिवाय गोमूत्र, गूळ आणि २ किलो बेसन. माझी शेती गॅलरीच्या कठड्याएवढी. चार लिटरचा हिशोब मांडला तर ४० ग्रॅम बेसन. आई म्हणाली, "तेवढ्यात आपली कढी होते." शेण ऑनलाइन मिळतं, पण ते घरपोच आणायचा खर्च शेणाच्या किमतीपेक्षा जास्त. जीवामृत तिथेच संपलं.

राहिला पाचोळा. समोरच्या फुटपाथवर पर्जन्यवृक्ष आहे. त्याची पानं बारीक, लवकर कुजतात. बदामाच्या पानासारखी चामडी नसतात. मी वाकून पोतं भरत होतो, तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"अरे, ते कोपऱ्यातलं पण काढ. मागचा तसंच टाकून गेला."

मी निमूटपणे कोपराही काढला. का काढला, कोण जाणे. मग वर बघून म्हटलं, "काकू, मी समोरच्या सोसायटीत राहतो. पानं झाडांना नेतोय."

"कुणाच्या झाडांना?"

"माझ्या."

"मग आमची पानं कशाला?"

"झाड फुटपाथवर आहे, काकू. महापालिकेचं."

"पाणी कोण घालतं? आमचे हे. लहान होतं तेव्हापासून." आणि आत वळून, "अहो, इकडे या जरा, हे पानं नेतायत!"

'हे' बनियनवर बाहेर आले. पोत्यात डोकावले. दोन पानं चिमटीत धरून, सोनं पारखावं तशी चुरून पाहिली.

"याचं काय होतं?"

"खत."

"एवढ्याचं किती?"

"चार-पाच मुठी. तीनेक महिन्यांनी."

"बाजारात काय भाव आहे?"

मी भाव सांगितला, तोच अंगाशी आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा?" काकांनी विचारलं. याचा पाचोळ्याशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. भाड्याचा म्हटल्यावर मात्र पोत्यावरची त्यांची पकड घट्ट झाली.

तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी ढकलगाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "न्या की दादा, माझी एक खेप वाचेल." काकूंनी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला निदान नंतर 'अहो' तरी मिळालं. मावशी रोज त्याच फाटकासमोर झाडतात, त्यांना 'ए' च्या पुढे काही मिळालेलं मी ऐकलेलं नाही.

शेवटी तोडगा निघाला. निम्मं खत काकूंच्या मोगऱ्याला, आणि पोतं तोवर त्यांच्या पोर्चमध्ये. खत माझ्या बादलीत व्हायचं आणि पाला त्यांच्या पोर्चमध्ये राहायचा, हे कसं जमणार असं मी विचारलं. काका म्हणाले, "ते तुम्ही बघा."

आज सकाळी पोतं रिकामं होतं. पाचोळा फाटकाशी ढीग करून पेटवलेला, काका काठीने ढोसत उभे. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड ठेवला. मी खिडकीतून तसं ओरडून सांगितलं. काकू म्हणाल्या, "आमचाच पाचोळा आहे, डास होतात त्याने." म्हणजे जाळला तर चालतो. दुसऱ्याच्या टोमॅटोला गेला की तोटा.

गॅलरीची दारं लावून बसलोय. धूर तरी आत येतोच. दुपारी पाच किलोची कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मागवली, पैसे भरून. डिलिव्हरीवाल्याला पत्ता सापडेना, म्हणून त्याने फोन केला. म्हणाला, "कुठे, ते धूर निघतोय त्याच्या समोर का?"