हिंगणघाट पहिलं कसं आलं

काम ऐकायला एवढंसं. एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा लावून माहिती ठेवलेल्या फाइलमध्ये, विदर्भातल्या गावांची नावं आहेत, अकारविल्हे सगळ्यात आधी येणारं काढून रिपोर्टच्या डोक्यावर टाकायचं. सर म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे बे, जेवायच्या आधी करून टाक. मे महिन्यातलं नागपूर, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी म्हटलं हो सर.

एक्सएमएलमधून हवं ते काढून मांडायची भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिच्या २.० मध्ये सगळ्यात लहान काढून देणारं मिन नावाचं फंक्शन आहे, २००७ पासून आहे, ते लावलं तर एरर, म्हणे अकोल्याचा आकडा होत नाही. अरे पण तुला आकडा कर म्हटलं कोणी? फाइलला स्कीमा, म्हणजे कुठे आकडा अन् कुठे अक्षरं हे सांगणारा आराखडा, नाही म्हणून मजकुराचा टाइप त्याला माहीत नाही, आणि असं काही दिसलं की मिन आधी त्याचा आकडाच करायला जातो. प्रत्येक नावाला स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, म्हणून हात धरून नेलं तेव्हा कुठे शांत झाला. चला, जेवू.

जेवून आलो तर कळलं की कस्टमरच्या सर्व्हरवर एक्सएसएलटी चालवणारं इंजिन १.० चं, म्हणजे १९९९ चं, आणि त्याला मिन ठाऊकच नाही. मग मी डोकं चालवलं: ज्याच्याहून लहान कोणीच नाही ते नाव दे. त्याने गोंदिया ते वाशीम सगळीच दिली. कारण १.० मध्ये लहान-मोठं फक्त आकड्यांतच असतं, गावाचा आकडा केला की 'आकडा नाही' निघतो, आणि 'आकडा नाही' हा कोणाहून लहानही नसतो न मोठाही, म्हणून सगळे बिनविरोध निवडून आले.

शेजारचा पोरगा तर्री पोहे खात म्हणाला, "भाऊ, काहून डोकं लावून राहिला, सॉर्ट कर अन् पहिला उचल ना." इतकं सोपं असल्याचा मला जो राग आला. केलं. आलं हिंगणघाट! ह च्या आधी कोणी नाही का बाप्पा? तासभर बघितल्यावर दिसलं, कोणीतरी हिंगणघाटच्या आधी एक स्पेस मारलेली, आणि स्पेस कोणत्याही अक्षराच्या आधी लागते. फालतू स्पेस काढणारं नॉर्मलाइझ-स्पेस लावलं, अंजनगाव वर आलं (अकोला नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या नंबरवार यादीत, अनुस्वार क च्या आधी बसतो), रिपोर्ट पाठवला, घरी आलो.

रात्री सरांचा फोन. तो हिंगणघाटवाला रिपोर्ट दुपारीच चुकून गेला होता आणि कस्टमर हिंगणघाटचेच निघाले. "ते विचारून राहिले, आमचं गाव खाली काहून टाकलं?"