मिठानं गाजर गवत जळतं, पण "कायमचं"?

पाणी पडलं की गावोगावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: "मिठाचं पाणी मारा, गाजर गवत कायमचं साफ. उपटत बसू नका. त्यावरचे भुंगे पिकावर येतात, दिसले की मारा."

मिठानं गवत जळतं, हे खरंच. 15 लिटरच्या पंपाला अडीच-तीन किलो मीठ. शिफारसही आहे, पण पडीक जागेसाठी. मेसेजनं नेमकं तेवढंच गाळलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मारलेलं मीठ पावसासोबत वावरात उतरतं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात जमिनीत आधीच क्षार. तिथं वरून मीठ ओतायचं म्हणजे कमाल झाली.

आणि "कायमचं"? मीठ पानं जाळतं, मातीतलं बी नाही. एक झाड 15 ते 25 हजार बिया टाकतं. पुढच्या पाण्याला रोपं हजर.

उपटणं वाया जातं ते वेळ चुकली तर. ओल्या मातीत, फुलाआधी, मुळासकट काढा. विळ्यानं कापलं तर बुडखा पुन्हा फुटतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच, खाज सुटते ही तक्रार खोटी नाही. फुलावर आलेलं गवत नाडेपमध्ये, म्हणजे भिंतींत भोकं ठेवलेल्या विटांच्या कंपोस्ट टाक्यात, टाकू नका. भोकांच्या भिंतीलगत उष्णता कमी, तिथं बी जगतं आणि खतासोबत सगळ्या वावरात पोचतं.

नवं गवत आधी दिसतं ते गुराख्यांना आणि निंदणाला जाणाऱ्या बायांना. त्यांना विचारा. नवा मुरूम पडलेली पांदण, विकतच्या शेणखताचा ढीग, गावाबाहेरून आलेला चारा उतरवतात ती जागा: पहिल्या पाण्यानंतर 15-20 दिवसांनी इथं फिरून या. रोप जमिनीला चिकटून गोल पसरलेलं असतं, पानं गाजरासारखी. दहा रोपं असतील तर काम दहा मिनिटांचं. दसऱ्यापर्यंत थांबलात तर ट्रॉली लागेल.

भुंग्यांवरचा आरोप जुना आहे. हा मेक्सिकन भुंगा गाजर गवत खायला म्हणून 1983 मध्ये मुद्दाम भारतात आणला. पुढे सूर्यफुलावर दिसला म्हणून ओरडही झाली, पण त्याची पिढी पोसली जाते ती गाजर गवतावर. पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, ही त्याची ओळख. जुलै-ऑगस्टमध्ये भुंगे असलेल्या गावातून भोकं पाडलेल्या डब्यात, पाल्यासकट, 500 ते 1000 आणून दाट गवतात सोडा. तिथं फवारा मारू नका, मीठसुद्धा नाही. उन्हाळ्यात दिसले नाहीत तर मेले असं समजू नका, ते मातीत दडून असतात.

मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की गोळा करून ठेवायचं आणि मृगाआधी टाकायचं. तरोटा दाट आला की गाजर गवताला ऊन मिळत नाही, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.