कुतमधला पराभव पुरवठ्याचा
पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांपुढे ब्रिटिश-भारतीय फौजेचा पराभव झाला; त्याचं सगळं खापर लेखात तिचा ब्रिटिश सेनापती टाउनशेंडच्या माथी फोडलंय, ते अर्धवट आहे. कुत ते बगदाद म्हणजे आपल्या नागपूर-अमरावतीएवढंच अंतर, पण मागे रसद येणाऱ्या बसरा बंदरापर्यंत वाट एकच, तैग्रिस नदी. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी पुरेशा नव्हत्या, तरीही फौज बगदादकडे पुढे रेटली. मग कुतला माघार आणि 7 डिसेंबर 1915 पासून तुर्कांचा वेढा! त्यात 6 व्या पुणे डिव्हिजनमधले आपले मराठा शिपाईही होते. भाजी नाही म्हणून स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग. घोड्याचं मांस अनेकांनी महिनोन्‌महिने नाकारलं. शेवटी 270 टन रसद घेतलेली 'जुलनार' बोट नदीत आडव्या ताणलेल्या तारदोरात अडकली. पाचच दिवसांनी, 29 एप्रिल 1916 ला शरणागती. कैदेत गेलेल्या हजारो शिपायांवर मात्र लेखात एक ओळही नाही, ती हवीच होती.